आवाज न करणारी झीज

सुरूर फाट्यावर चहा झाला आणि मामांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. दुपारी जेवल्यावर त्यांना डुलकी येते, पण तसं ते कधी म्हणत नाहीत. "तुला चालवायची हौस आहे ना, मग घे," म्हणून ते शेजारी बसले, मामी मागे. महामार्गाला लागलो, वेग सत्तरच्या पुढे गेला आणि हातांना काहीतरी वेगळं जाणवायला लागलं. स्टिअरिंग किंचित वळवलं, तर त्यातला पहिला बोटभर भाग गाडीपर्यंत पोचतच नव्हता. मग एकदम उत्तर यायचं, आणि ते मागितल्यापेक्षा थोडं जास्तच असायचं. पुलाच्या सांध्यावरून गेलं की गाडीचं नाक खाली जायचं, वर यायचं, पुन्हा खाली, पुन्हा वर. खंबाटकीचा बोगदा संपल्यावर उतारावर ते एस आकाराचं वळण आहे, पुण्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असतं. नेमकं तिथे पुढच्या ट्रकने ब्रेक लावला, मीही लावला, आणि गाडी थांबता थांबता वीतभर डावीकडे सरकली. मी सावरलं, ट्रक पुढे निघून गेला. मागच्या आरशात मामी दिसल्या. दाराच्या वरची मूठ त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

"कशी आहे गाडी? एकदम मस्त ना?" मामांनी विचारलं.

ते मनापासून विचारत होते. शिरवळ गेलं, खेड शिवापूरचा टोलनाका गेला, तरी मला तेच छळत राहिलं. आयुष्यभर गाडी चालवलेला माणूस, आवाजावरून इंजिनचा आजार ओळखणारा, आणि त्याला ही गाडी मस्त वाटते. बाहेरून आलेल्या मला दहा मिनिटांत जे कळलं ते रोज चालवणाऱ्याला का कळू नये? त्या दिवशी मी त्यांना एवढंच म्हणाले की मामा, पुढच्या आठवड्यात गाडी माझ्या ओळखीच्या मिस्त्रींना दाखवू या. ते म्हणाले, "अगं, सर्व्हिसिंग वेळच्या वेळी होतं तिचं." तेही खरंच होतं. ऑइल, फिल्टर, ब्रेकचे लायनर, सगळ्याची बिलं डॅशबोर्डच्या कप्प्यात तारीखवार लावलेली होती.

कारण असं आहे की सस्पेन्शन, म्हणजे चाकं आणि गाडीचं धड यांच्यामधली स्प्रिंग-शॉकअपची यंत्रणा, एका दिवशी बिघडत नाही. क्लच गेला तर गाडी उभी राहते, बॅटरी उतरली तर सकाळी चालूच होत नाही. शॉकअप मात्र रोज केसाएवढा झिजतो. आतलं सील थोडं सैल होतं, थोडं तेल बाहेर येतं, गॅसचा दाब उतरतो. आजची गाडी कालच्या गाडीसारखीच वाटते, आणि उद्याची आजच्यासारखी. चालवणारा नकळत स्वतःला बदलत जातो. वळणाआधी जरा लवकर वेग उतरवतो, स्टिअरिंग थोडं आधी वळवायला लागतो, खड्डा दिसला की हात आपोआप घट्ट होतात. गाडीतली उणीव हात भरून काढतात आणि डोक्याला त्याचा पत्ता लागू देत नाहीत. मामांचं कौशल्य असं त्यांच्या विरुद्ध गेलं होतं. नवशिक्याने कदाचित चार दिवसांत तक्रार केली असती.

शॉकअप हा धक्के खाणारा भाग आहे असा आपल्याकडे सर्रास समज आहे. धक्का खरं तर स्प्रिंग झेलते. पण दाबलेली स्प्रिंग ती ऊर्जा परत करणारच. तिला एकटीला सोडलं तर गाडी एका खड्ड्यानंतर बराच वेळ वरखाली होत राहील. शॉकअपमधला दट्ट्या बारीक छिद्रांतून तेल ढकलतो, त्या रेट्यात ती ऊर्जा उष्णता होऊन जिरते. लांब खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअपला हात लावून बघा, गरम लागतो. तेल कमी झालं, त्यात बुडबुडे धरले, की जिरवणं थांबतं. गाडीचं धड सेकंदाला साधारण एक-दीड वेळा हलतं, ते निदान बसलेल्याला जाणवतं तरी. खालचं चाक मात्र सेकंदाला दहा-पंधरा वेळा थडथडतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही, ढुंगणालाही नीट कळत नाही. रस्ता वरवर गुळगुळीत वाटत असताना चाक त्याच्यावर पूर्ण टेकलेलंच नाही, असं होऊ शकतं.

आणि टेकण्यावरच तर सगळं आहे. एका टायरचा रस्त्याला लागलेला भाग तळहाताएवढा असतो. टनभर वजनाची गाडी, आत घरची माणसं, आणि रस्त्याशी नातं फक्त चार तळहातांचं. टायरची एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. त्याच्यावरचा भार दुप्पट झाला तरी पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमी वाढते. म्हणजे उसळणारं चाक खाली दाबलं जाताना जेवढं कमावतं, त्यापेक्षा वर उठताना जास्त गमावतं. सरासरी भार तोच राहतो आणि पकड मात्र घटते. ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर वाढतं ते असं. ब्रेकचे लायनर नवेकोरे असले तरी वाढतं. एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा, आहे म्हणून निर्धास्त असणाऱ्यांना मी हेच सांगत असते. चाक उसळून हलकं झालेलं असताना ब्रेक लागला की ते चटकन अडकायला जातं, एबीएसला वाटतं रस्ता निसरडा आहे, आणि ते बिचारं प्रामाणिकपणे ब्रेक सैल करतं. ज्या क्षणी थांबायचं असतं त्याच क्षणी.

आमच्या घरात गाडीच्या पोटाखालच्या जगाशी ओळख होती ती मामांमुळेच. लहानपणी सुट्टीत वाईला गेलं की रविवारी सकाळी त्यांची फियाट अंगणात तिरकी उभी असायची. नाव प्रीमियर पद्मिनी, पण तिला तसं कोणी म्हणत नव्हतं. मामा खाली पोत्यावर आडवे, बाहेर फक्त पाय, आणि मी ग्रीसगन हातात घेऊन शेजारी उकिडवी बसलेली. ते "दे" म्हणाले की द्यायची. पुढच्या चाकांच्या सांध्यांना ग्रीसचे निपल असायचे, त्यात नवं ग्रीस भरलं की जुनं काळं ग्रीस मातीसकट बाहेर यायचं. ते चिंधीने पुसून मामा बोटावर घेऊन बघायचे. त्यात कचकच लागली तर चेहरा गंभीर. अंगणातल्या प्राजक्ताचा वास आणि ग्रीसचा वास माझ्या डोक्यात अजून एकत्रच आहे. मागे पाटे होते, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग, त्यांच्यामधल्या घर्षणाने थोडंफार उसळणं आपोआप आवरायचं. गाडी कडक होती, कुरकुरायची, पण तिला काय होतंय हे मालकाला माहीत असायचं. कारण ठरावीक दिवसांनी त्याला तिच्याखाली जावंच लागायचं.

नव्या गाड्यांत ते निपल गेले. बॉल जॉइंट, म्हणजे वाटीत फिरणाऱ्या गोळ्याचा सांधा, कारखान्यातच ग्रीस भरून, रबरी बुटात बंद होऊन येतो. त्याला काही करायचं नसतं. ही सुधारणाच आहे, मला पुन्हा पोत्यावर आडवं व्हायचं नाही. पण त्या बुटाला चीर गेली की पावसाळ्यातलं पाणी आणि बारीक माती आत शिरते, ग्रीस धुऊन जातं, आणि आतला गोळा आपल्या वाटीत घासत राहतो. महिनोन् महिने. हे बघायला खाली कोणी गेलेलं नसतं. पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र उभा खांब, खाली चाकाला गाडीशी जोडणारा एक आडवा लोअर आर्म, त्याला दोन बुश, म्हणजे रबराचे सांधे, आणि एक बॉल जॉइंट, अशी रचना आता बहुतेक छोट्या गाड्यांत असते. 1983 साली आलेल्या मारुती 800 मध्येही स्ट्रटच होता. स्वस्त, सुटसुटीत, जागा कमी खाणारी रचना. चाक कुठल्या दिशेला बघतंय हे त्या आर्मच्या रबरी बुशांवर ठरतं, आणि चाकाचं खालचं टोक जागेवर राहायचं ते त्या एका गोळ्याच्या भरवशावर. गोळा वाटीतून निसटला तर चाक आडवं होतं आणि स्टिअरिंगचा काही उपयोग राहत नाही.

मिस्त्रींनी गाडी रॅम्पवर घेतली तेव्हा मामा जरा ताठ उभे होते. मला समजत होतं. स्वतःच्या गाडीबद्दल दुसऱ्याने शंका घेतलेली कोणाला आवडेल? त्यातून भाचीने. मिस्त्रींनी आधी बॉनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोर देऊन सोडला. चांगला शॉकअप असेल तर गाडी वर येऊन थांबते. ही वर येऊन पुन्हा खाली गेली. "हे काय खरं नाही," ते म्हणाले, म्हणजे या चाचणीवर त्यांचा फारसा भरवसा नव्हता. शॉकअप अगदी मेला असेल तरच ती सांगते, अर्धा गेलेला त्यात पास होतो. मग त्यांनी माझा हात धरून टायरवरून आडवा फिरवायला लावला. एका दिशेने गुळगुळीत, उलट फिरवला तर कडा बोटांना लागत होत्या. टायर सरळ फिरत नव्हता, पुढे जाता जाता किंचित आडवा घासला जात होता. मागच्या टायरवर ठरावीक अंतराने खोलगट चट्टे होते, चाक जिथे जिथे आपटत गेलं तिथे तिथे.

"अलाइनमेंट तर दिवाळीत केलं होतं," मामा म्हणाले.

"काका, मशीन चाकांच्या दिशेचं माप उभ्या गाडीवर घेतं," मिस्त्री म्हणाले. त्यांनी टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घेतली, लोअर आर्म आणि फ्रेमच्या मध्ये घातली आणि रेटली. डाव्या आर्मचं मागचं बुश मधूनच फाटलेलं होतं. आर्म मागे सरकला आणि त्याच्याबरोबर चाकाने तोंड बाहेर वळवलं. खंबाटकीच्या उतारावर वीतभर सरकलो ते हे होतं. गाडी उभी असताना सगळं सरळ, ब्रेक लावला की चाकाची दिशाच बदलायची. बुश मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं, थोडं हलावं, धक्का आत येऊ देऊ नये म्हणून. किती हलावं हे गाडी बनवताना हिशोबाने ठरवलेलं असतं. रबर फाटलं की तो हिशोब संपतो. मग त्यांनी चाक वरखाली धरून हलवलं, बाजूंनी धरून हलवलं. बाजूंनी धरल्यावर स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या टाय रॉडचा सांधा कळतो, वरखाली धरल्यावर बॉल जॉइंट नाहीतर बेअरिंग. डावा बॉल जॉइंट हातालासुद्धा लागत होता. बूट चिरलेला, कडेला वाळलेला चिखल.

मी विचारलं, आवाज कसा नाही आला? मिस्त्री म्हणाले, ताई, आवाज करणारा भाग वेगळा असतो. छोट्या खड्ड्यांवर टक टक वाजतो तो लिंक रॉड, वळणात गाडीचं कलणं आवरणाऱ्या दांड्याला जोडणारा. स्वस्तातला, त्यातल्या त्यात कमी धोक्याचा, आणि त्याच्यासाठी लोक धावत येतात. स्ट्रटचं वरचं माउंटिंग गेलं तर वळताना कट्ट करतं, स्टिअरिंग सुटल्यावर सरळ यायला आळस करतं, त्याचीही तक्रार येते. पण मेलेला शॉकअप बऱ्याचदा गप्पच असतो. उलट गाडी मऊ वाटायला लागते, लोकांना बरंच वाटतं. मऊ गादीवर बसल्यागत झाली गाडी, असं म्हणणारं गिऱ्हाईक आलं की ते आधी मागचे शॉकअप बघतात.

तेवढ्यात मामी म्हणाल्या, "मी दोन वर्षं सांगतेय, मागे बसलं की गाडी झुलते. हे म्हणतात तुला घाटाची भीती वाटते."

कोणी काही बोललं नाही. मला त्या वाक्याने फार वाईट वाटलं, आणि मामांच्या चेहऱ्याकडे बघून त्याहूनही जास्त. चालवणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग असतं, गाडी कुठे जाणार हे त्याला आधीच माहीत असतं, त्याचं अंग त्या झुलण्याच्या आधी तयार असतं. मागे बसलेल्याच्या हातात काहीच नसतं. मामींच्या अंगाला मोजमाप बरोबर लागत होतं. अशी किती घरं असतील जिथे मागच्या सीटवरून आलेली ही बातमी भीती, पित्त, वय अशा नावांनी बाजूला सारली जाते. 1930 च्या दशकात अमेरिकेत मॉरिस ऑली नावाच्या इंजिनिअरने सरकती वजनं लावलेली गाडी चालवून बघून बघून पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगांचा मेळ शोधला. खड्डा आधी पुढच्या चाकांना लागतो, मागच्यांना नंतर, म्हणून मागची बाजू थोडी लवकर हलायला हवी, म्हणजे ती पुढच्या बाजूला गाठते आणि गाडीचं डुलणं मिटतं. बसणाऱ्याला काय वाटतं यावरून सगळं शास्त्र उभं राहिलं. आणि आपण बसणाऱ्यालाच विचारत नाही.

या झिजेत रस्त्यांचा दोष आहेच, तो मी माफ करणार नाही. भारतीय रस्ते काँग्रेसच्या नियमात गतिरोधक 10 सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद, म्हणजे ताशी 25 किलोमीटरने सहज ओलांडता यावा असा सांगितला आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जो आहे तो जेमतेम हातभर रुंद, वर डांबराचा उभा बांध, पांढरे पट्टे नाहीत. रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक गाडीचे बुश त्यावर आपटतात. घाटातल्या तुटक्या कडा, चेंबरची वर आलेली झाकणं, पावसाळ्यानंतर खडी टाकून बुजवलेले खड्डे. इथे 40 हजार किलोमीटरलाही बुश संपलेले मिस्त्रींनी पाहिलेत, आणि लाखभर टिकलेलेही. आकडा सांगून उपयोग नाही, गाडी कुठल्या रस्त्यावर चालली ते विचारावं लागतं.

मामांची मुलगी, माझी मामेबहीण, इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला असते. तिला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, माझी गाडी मागच्या वर्षी यातच नापास झाली होती. तिकडे गाडीला 3 वर्षं झाली की दरवर्षी तपासणी असते. त्यात धूर, दिवे, ब्रेक, टायर यांच्याबरोबर खालचे सांधे, बुश, शॉकअपची गळती, सगळं बघतात. तिला तेव्हा भयंकर राग आला होता, पैसे काढायचे धंदे म्हणून. आता वडिलांच्या गाडीचं ऐकून ती थोडा वेळ गप्प झाली. आपल्याकडे खासगी गाडीला नोंदणीपासून 15 वर्षं कुठलीच फिटनेस तपासणी नाही. पीयूसी काढतो, पण ती धुराची. टॅक्सी, ट्रक यांना फिटनेस लागतं, आपल्या घरच्या गाडीला नाही. 2023 मध्ये भारत एनकॅप, म्हणजे नव्या गाड्या धडकवून बघून सुरक्षेचे तारे देणारी चाचणी, सुरू झालं, तारे बघून गाड्या घेतल्या जातात, मला त्याचा आनंद आहे. पण ते तारे नव्या गाडीचे, आणि त्यातला मोठा भाग धडकेनंतर माणूस किती वाचेल याचा. धडक टाळायचं काम ज्या रबराच्या तुकड्यांवर आहे त्यांना दहाव्या वर्षी कोणी विचारत नाही.

यावर लोक म्हणतात, इथे तपासणी आली की एजंट येणार, गाडी न बघता कागद मिळणार. असेलही. तरी मला ती हवी आहे. कागदासाठी का होईना, दहापैकी चार गाड्यांखाली जरी कोणी खरंच टॉर्च मारला तरी त्या चार गाड्यांतली माणसं मोजायला हवीत. रोजच्या चालवण्यात हे झिजलेले भाग माफ करतात. संपूर्ण गाडीची परीक्षा अचानक एखाद्या क्षणी होते. स्वीडनमध्ये मूस नावाचं मोठं हरीण रस्त्यावर आलं तर गाडी कशी वागेल याची चाचणी प्रसिद्ध आहे. आपल्याकडे कुत्रं असतं, उलट दिशेने येणारी दुचाकी असते, रात्री दिव्यांशिवाय उभा असलेला उसाचा ट्रॅक्टर असतो. स्टिअरिंग एकदम उजवीकडे, मग लगेच डावीकडे. पहिलं वळण बहुतेक गाड्या घेतात. घात होतो तो परतीच्या वळणात. एका बाजूला कललेलं धड शॉकअपने आवरलेलं नसतं, ते पूर्ण जोराने दुसऱ्या बाजूला येतं, त्याच वेळी फाटक्या बुशवरचं चाक दिशा सोडतं, आणि मागचे टायर हलके झालेले असतात. तिथे चाळीस वर्षांची सवय कामाला येत नाही. हातांनी जी उणीव रोज भरून काढली, ती भरायला तेवढा वेळच नसतो.

काम व्हायला दोन दिवस लागले. चारही शॉकअप, कारण ते जोडीने बदलायचे असतात, एक नवा एक जुना ठेवला तर गाडी दोन मनांची होते. दोन्ही लोअर आर्म बुशांसकट. लोकल माल निम्म्या किमतीत मिळत होता, मिस्त्रींनी हात जोडले, म्हणाले मी तो बसवणार नाही. आर्मचे नट त्यांनी गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळले. लटकत्या आर्मवर आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं, ही गोष्ट घाईतल्या गॅरेजमध्ये हमखास राहते. मग अलाइनमेंट. मामा दोन्ही दिवस स्टुलावर बसून होते. जुना आर्म त्यांनी मागून घेतला, बॉल जॉइंट दोन बोटांनी फिरवून बघितला, चिंधीने पुसला, आतलं तांबूस पाणी बोटावर घेतलं. "हे असं कधीपासून असेल?" त्यांनी विचारलं. मिस्त्री म्हणाले ते कोणालाच सांगता येणार नाही.

आता मामांनी स्वतःचा एक रिवाज घातला आहे. पावसाळा संपला की टायर अदलाबदल करायला वाईतल्या टायरच्या दुकानात जायचं, आणि गाडी उचललेलीच आहे तर टॉमी घालून आर्म बघायला लावायचं, बूट टॉर्चने बघायला लावायचं, मामींना मागे बसवून पसरणीच्या घाटातून एक फेरी मारायची आणि त्यांना विचारायचं. तिथला मुलगा पहिल्यांदा म्हणाला, काका, हे आमच्या रेटमध्ये येत नाही. मामांनी त्याला वरचे पैसे दिले आणि शेजारच्या जोशीकाकांची गाडीही रांगेत लावली. जोशीकाकांचं म्हणणं, माझी तर लोण्यासारखी चालते.